कोथरूडचा फ्लॅट एजंटाशिवाय विकायचाय? एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. कोथरूडला १९९८ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट नाही. करारनाम्यात यजमानांचं नाव पहिलं, तुमचं दुसरं. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, सासूबाई गेल्या वर्षी. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी नाशिकला. हा फ्लॅट विकून तुम्हाला मुलीजवळ छोटं घर घ्यायचंय. एजंट दोन टक्के आणि वर जीएसटी मागतोय. म्हणजे नव्वद लाखांना विकलं तर २ लाख १२ हजार ४०० रुपये. "एवढे पैसे कशाचे द्यायचे? माझं मी विकू शकते का? आणि परकी माणसं घरात येणार, त्याची भीती वाटते," असं तुम्ही विचारलंय.

विकू शकता. मी सव्वीस वर्षं पुण्यात मिळकतींचे दस्त करतोय. मालकांनी थेट विकलेली घरं भरपूर पाहिली आणि एजंट असूनही अडकलेली त्याहून जास्त पाहिली. पण तुमच्या मजकुरात माझी नजर अडकली ती दलालीवर नाही, तर "सासूबाई गेल्या वर्षी गेल्या" या चार शब्दांवर. जाहिरात, भाव वगैरे नंतर बघू. आधी हे.

यजमानांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचा अर्धा हिस्सा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांकडे सारखा जातो. त्यात पत्नी, मुलगा, मुलगी येतात आणि आईसुद्धा येते. ही आई लोक हमखास विसरतात. यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात होत्या, म्हणजे वारस तीन नाहीत, चार. अर्ध्याचा चौथा भाग, म्हणजे अख्ख्या फ्लॅटचा एक अष्टमांश, त्या दिवशी सासूबाईंचा झाला. नव्वद लाखांत तो सव्वाअकरा लाखांचा. आता त्याही गेल्या. त्यांनीही मृत्युपत्र केलं नसेल आणि सासरे आधीच गेलेले असतील, तर तो अष्टमांश त्यांच्या मुलामुलींकडे जातो. तुमचे दीर, तुमच्या नणंदा आणि यजमानांच्या वाट्याचा म्हणून तुमची दोन्ही मुलं. म्हणजे ज्या दिरांनी या घराचा एक हप्ता कधी भरला नाही, त्यांची सही तुमच्या खरेदीखतावर लागणार आहे.

तुम्ही लिहिलंय, सोसायटीने भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) माझं नाव लावलंय, नॉमिनेशन होतं. बरोबर, पण नॉमिनेशनने सोसायटीचं काम भागतं, मालकी ठरत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील पॅनेलवर बसलेला असतो तो नेमकं हेच शोधायला. आणि तो शोधतो कधी? इसार घेऊन, भाव ठरून, तुम्ही नाशिकला घर बघून आल्यावर. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं असंच झालं. गिऱ्हाईक उत्तम, भाव मनासारखा, आणि तीन महिन्यांनी बँकेने आईच्या वारसांची नावं मागितली. तोवर भावाला व्यवहाराची रक्कम कळली होती. जी सही आधी चहावर मिळाली असती, तिची किंमत लागली.

म्हणून पहिलं काम हे: पैशाचा आकडा घरात फिरायच्या आत दीर-नणंदांना स्वतः भेटा, फोनवर नको. सगळे राजी असतील तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे सगळ्यांनी तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं आणि मग तुम्ही एकट्या विकणाऱ्या. दुसरी, खरेदीखतात सगळ्यांनी लिहून देणार किंवा मान्यता देणार म्हणून सही करायची. मी तुम्हाला पहिली सांगेन. हक्कसोडपत्र जवळच्या नात्यात विनामोबदला असलं तर मुद्रांक नाममात्र लागतो, पण कोण कोणाच्या नावे सोडतंय यावर ते अवलंबून आहे, तेव्हा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. साध्या कागदावरचं किंवा नोटरी केलेलं "ना हरकत" चालत नाही. पेटीत ठेवायला ठीक.

मुलाचा मुद्दा याला जोडूनच येतो. तो अनिवासी आहे. तो विकणारा म्हणून दस्तात आला तर त्याच्या हिश्श्यावर घेणाऱ्याला नेहमीचा एक टक्का नव्हे, अनिवासींचा टीडीएस (रक्कम देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. दीर्घकालीन नफ्याचा दर साडेबारा टक्के, वर सेस, आणि बहुतेक घेणारे धोका नको म्हणून नफ्यावर नाही तर अख्ख्या रकमेवर कापतात. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढला तर गोष्ट वेगळी, पण त्यात वेळ जातो. शिवाय अनिवासी नाव दिसलं की निम्मी साधी गिऱ्हाइकं घाबरून मागे सरतात. मुलाने आधीच हक्कसोड केली तर हा गुंता सुटतो. तो सुट्टीत येणार असेल तर इथेच सही करू दे. येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र तिकडे वकिलातीत किंवा नोटरी व अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिकडच्या सरकारचा शिक्का) करून पाठवू दे, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयातून त्यावर मुद्रांक भरून घ्या. ते पाकीट आलं की तारखेसकट जपून ठेवा, पोचल्याचा पुरावा तोच.

वारसांचं मिटलं की बाकीची फाइल. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ते. भागपत्र, यजमानांचा आणि सासूबाईंचा मृत्यूचा दाखला, मिळकतकराची पावती, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र, वीजबिल, इमारतीचं भोगवटापत्र. तुमची खरोखर सोसायटी आहे की अपार्टमेंट, हेही बघा. पुण्यात पुष्कळ इमारतींना लोक तोंडाने सोसायटी म्हणतात, पण त्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. तिथे भागपत्र नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं, आणि ते केलंच नसेल तर विकण्याआधी करावं लागतं. तुम्ही भागपत्राचा उल्लेख केलाय म्हणजे सोसायटी असावी. एखादा मूळ कागद हरवला असेल तर आत्ताच पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना "कुठेतरी माळ्यावर आहे" म्हणू नका.

घरावर कर्ज होतं का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि फिटलं असेल तर बँकेचं कर्ज संपल्याचं पत्र आणि मूळ कागद दोन्ही हातात हवेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत करावे लागतात, उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेला त्याची आठवण करून दिली की कपाटं पटापट उघडतात, असा अनुभव आहे.

आता भाव. इथे मालक स्वतःचं सगळ्यात जास्त नुकसान करून घेतो, आणि बहुतेक वेळा भाव जास्त सांगून. संकेतस्थळांवर दिसतात ते मागितलेले भाव. मिळालेले भाव बघायचे तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. त्यात मोफत शोध घेता येतो. वर्ष आणि गाव टाका, तुमचा सर्व्हे नंबर टाका, तुमच्या आणि शेजारच्या इमारतींतले गेल्या दोन वर्षांतले दस्त दिसतील. प्रत्येक सूचीत मोबदला, बाजारमूल्य आणि क्षेत्रफळ असतं. संध्याकाळी संकेतस्थळ रडतं, सकाळी लवकर बघा. पाच-सहा दस्त सापडले की तुमच्या भागाचा खरा भाव कळतो. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी म्हणे एक कोटी घेतले, असल्या जिन्यातल्या गप्पांपेक्षा हे बरं.

क्षेत्रफळाचा घोळ मात्र सोडवून घ्या. १९९८ च्या करारनाम्यात बहुतेकदा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र लिहिलेलं असतं, आजचं गिऱ्हाईक कार्पेट, म्हणजे आतलं क्षेत्र विचारतं. टेप घेऊन खोल्या मोजा, भिंती सोडून. तुम्ही ७५० म्हणालात आणि त्याच्या बँकेच्या मूल्यांककाने ६०० मोजलं, तर तुम्ही खोटं बोललात असा समज होतो आणि मग तो पंख्यांपासून नळांपर्यंत सगळ्यांवर शंका घेतो. बाल्कनी बंद करून खोली केली असेल तर तेही आपणहून सांगा.

रेडी रेकनर म्हणजे सरकारी दरतक्त्यातलं मूल्य काढून ठेवा. जुन्या इमारतीला वयानुसार घसारा मिळतो, तो लावूनच काढा. हे मूल्य तुमच्या व्यवहाराच्या रकमेहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त असलं तर आयकर खातं तुमचा भाव न धरता सरकारी मूल्य धरतं. न मिळालेल्या पैशांवर कर भरावा लागतो. घेणाऱ्यालाही मुद्रांक दोन्हींतल्या जास्त रकमेवर लागतो. पुण्यात सात टक्के, एकट्या स्त्रीच्या नावे घेतलं तर एक टक्का सवलत, आणि नोंदणी शुल्क एक टक्का पण कमाल तीस हजार. हा खर्च रीतीप्रमाणे घेणाऱ्याचा. तरी इसार पावतीत लिहा, कारण "अर्धा-अर्धा ठरलं होतं ना?" हे वाक्य मी निबंधक कार्यालयाच्या बाकावर ऐकलंय.

जाहिरात सोपी आहे. नोब्रोकर, ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, सोसायटीचा आणि आजूबाजूच्या सोसायट्यांचा व्हॉट्सॲप गट, आणि वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. छोट्या जाहिराती आता कोण वाचतं असं मुलं म्हणतील. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय कोथरूडमध्ये घर घेणारा कदाचित त्याच भागात भाड्याने राहणारा, मुलांची शाळा बदलायची नाही म्हणणारा असतो, आणि त्याचे वडील पेपर वाचतात. जाहिरातीत "लिफ्ट नाही" हे पहिल्या दोन ओळींत लिहा. वीस फोन कमी येतील आणि गुडघे धरून जिना चढून "अहो, लिफ्ट नाही का?" विचारणारे टळतील. पितृपंधरवड्यात जाहिरात टाकू नका, कोणी फिरकत नाही. नवरात्र ते दिवाळी आणि पाडवा ते अक्षय्य तृतीया हे दिवस चांगले.

"एजंटांनी फोन करू नये" असं लिहिलंत तरी पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक फोन त्यांचेच येतील. "माझ्याकडे पार्टी तयार आहे, मॅडम." काहींकडे खरंच असते. त्यांना एकच उत्तर: पार्टी आणा, दलाली तुमची तुम्ही त्यांच्याकडून घ्या, माझ्याकडून नाही, आणि हे मेसेजवर लिहून द्या. जो लिहून देतो त्याला घर दाखवा.

दुसरा प्रकार फसवणुकीचा. "मी सैन्यात आहे, बदली झालीय, घर न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा." पैसे येण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, एवढं लक्षात ठेवा. फोन ठेवून द्या. सूची दोन, भागपत्र, आधार यांचे फोटो कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. गंभीर गिऱ्हाइकाला घरी बसवून फाइल दाखवा, आणि प्रत द्यायची वेळ आलीच तर तिच्यावर आडवं "फक्त अमुक फ्लॅटच्या खरेदीसाठी" असं लिहून, तारीख घालून द्या.

परक्या माणसांच्या भीतीबद्दल. रोज येईल त्याला दाखवू नका. शनिवार-रविवार दुपारी चार ते सहा, एवढीच वेळ ठेवा. आधी फोनवर नाव, कुठे राहतात, कर्ज काढणार की रोख बँकेतून, हे विचारा. त्या दोन तासांत शेजारच्या वहिनींना चहाला बोलवा. दागिने, पासबुकं, औषधांचा डबा आत. आणि "मी एकटीच असते" किंवा "मुलीकडे जायचंय, लवकर विकायचंय" यातलं काही बोलू नका. पहिल्याने धोका, दुसऱ्याने भाव जातो.

एजंट दोन टक्के कशाचे घेतो, असं तुम्ही विचारलंत. गिऱ्हाईक आणायचे नव्हे, ते हल्ली फोन आणतो. तो मध्ये उभा राहतो. घेणारा त्याच्यासमोर म्हणतो, "भिंतीला ओल आहे, ऐंशीच्या वर नाही," आणि ते तुमच्या कानावर येईपर्यंत "साहेब इंटरेस्टेड आहेत, थोडं बघा" असं झालेलं असतं. तुम्ही थेट विकायला बसलात की इतकी वर्षं ज्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलात त्याला तुमच्यासमोर नावं ठेवली जाणार. पुष्कळ मालकांचे व्यवहार भावावर मोडत नाहीत, या अपमानावर मोडतात. एका सरांनी गिऱ्हाइकाच्या सासूबाई "बाथरूम जुनाट आहे" म्हणाल्या म्हणून चार लाख जास्त देणारी माणसं घालवली.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे: मुलगी. घर तुम्ही दाखवा, भाव तिने करायचा. समोरच्याने कितीही आग्रह केला तरी तुमचं उत्तर, "ते सगळं मुलगी बघते, तिला विचारून सांगते." ती नाशिकला आहे हे उलट चांगलं. रात्रभर विचार करायला वेळ मिळतो, समोरच्यालाही आपला आकडा वाढवायला रात्र मिळते. तिला मात्र तुमचा खालचा आकडा आधी सांगून ठेवा, आणि तो आकडा दुसऱ्या कुणालाही सांगू नका, दिरांनाही नाही.

भाव जमला की पुढचे तीन-चार महिने खरे कसोटीचे. व्यवहार जमण्याआधी फारसे फसत नाहीत, इसार आणि खरेदीखत यांच्यामध्ये फसतात. म्हणून इथे पाय हळू टाका आणि वकील स्वतःचा ठेवा. घेणाऱ्याचा वकील "दोघांचंही बघतो" म्हणेल, तो त्याचंच बघतो, आणि त्याने तेच करायला हवं. मसुदे, हक्कसोडपत्र आणि नोंदणीच्या दिवशी हजर राहणं हे सगळं वीस-तीस हजारांत करणारा वकील पुण्यात मिळतो.

इसार एक-दोन लाखांचा पुरे, चेकने किंवा बँकेतून. रोख नको. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणजे घेतलेला रुपया सरकारला परत. "थोडं रोखीत करूया" म्हणणाऱ्याला हेच सांगा. त्याचा मुद्रांक वाचवण्यासाठी तुमच्या मानेवर सुरी कशाला?

इसार पावतीत चार गोष्टी असाव्यात: एकूण किंमत, किती दिवसांत साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार), त्याचं कर्ज नामंजूर झालं तर इसार परत करायचा की नाही, आणि त्याने उगाच माघार घेतली तर किती जप्त. कर्ज नामंजूर झालं तर परत द्यावा असं माझं मत आहे. त्या माणसाची चूक नसते, आणि पैशांसाठी सहा महिने भांडत बसलात तर तेवढे दिवस घर अडकतं. मुदत पंचेचाळीस दिवसांहून जास्त ठेवू नका.

साठेखत नोंदणीकृत करायचं. बँक त्याशिवाय कर्ज देत नाही. त्या वेळी घेणाऱ्याने स्वतःचा हिस्सा, साधारण दहा ते वीस टक्के, तुमच्या खात्यात जमा केलेला असावा आणि प्रत्येक रकमेचा यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक), तारीख, बँक दस्तात लिहिलेली असावी. मुद्रांक इथेच पूर्ण भरला तर पुढच्या खरेदीखताला तो पुन्हा लागत नाही, नाममात्र लागतो. मग त्याची बँक उरलेली रक्कम देते. देताना तिला मूळ कागदांचा गठ्ठा हवा असतो. तो गठ्ठा बँकेच्या अधिकाऱ्याच्या हातात, त्याच वेळी डीडी किंवा आरटीजीएस तुमच्याकडे, आणि कागदांच्या यादीवर त्याची सही. हा क्रम उलटा करू नका. "साहेब सोमवारी सही करतील, कागद आज ठेवून जा" हे ऐकायचं नाही. आणि खरेदीखतातलं "संपूर्ण मोबदला मिळाला, तक्रार नाही" हे वाक्य, पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्याच्याखाली सही करायची नाही. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसे नव्हेत.

चावीचंही तसंच. "रंगाचं काम सुरू करतो, पाडव्याला गृहप्रवेश करायचाय" अशी गळ हमखास घातली जाते, आणि आपल्याकडे पाडव्याच्या नावाने नाही म्हणणं जड जातं. देऊ नका. लेखी, नोंदणीकृत करार आणि ताबा दोन्ही घेणाऱ्याकडे गेले की मिळकत हस्तांतरण कायद्याचं कलम ५३अ त्याला त्या ताब्याचं संरक्षण देऊ शकतं. पैसे राहिले तरी त्याला बाहेर काढायला कोर्टात जावं लागेल. एका बाईंनी रंगासाठी चावी दिली, रंगारी गेले, गाद्या आल्या, आणि शेवटचे सहा लाख यायला चौदा महिने लागले.

नोंदणीच्या दिवशी आधार, पॅन, दोन ओळखीचे साक्षीदार. आधारचं बायोमेट्रिक लॉक ठेवलं असेल तर सकाळीच उघडा, नाहीतर यंत्र अंगठा घेत नाही आणि रांगेतला नंबर जातो. काम झालं की परत लॉक करा. वयाने अंगठ्याचे ठसे पुसट झालेले असतात, हाताला आदल्या रात्री थोडं खोबरेल लावा. हा वकिली सल्ला नाही, पण उपयोगी पडतो.

कर. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असल्याने घेणारा एक टक्का टीडीएस कापेल, नव्वद लाखांवर नव्वद हजार. ज्याला सगळे २६क्यूबी म्हणत आले तो भरणा प्रत्येक घेणारा-विकणारा जोडीमागे वेगळा असतो. घेणारे नवरा-बायको आणि विकणारे तुम्ही पाच जण असाल तर दहा फॉर्म. हक्कसोड आधी करा म्हणतो त्याचं हेही एक कारण. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर दिसते का ते तपासा, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

नफ्यावर कर साडेबारा टक्के. घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं असल्याने निवासी व्यक्तीला जुना पर्यायही आहे, महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, दोन्हींत जो कमी तो. घर २००१ च्या आधीचं आहे, म्हणून मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, पण त्या दिवशीच्या सरकारी मूल्याहून जास्त नाही. सोपं करून सांगतो. समजा ते सात लाख होतं. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणजे वाढवून २६.३२ लाख. नव्वदमधून वजा केले की ६३.६८ लाख, त्याचे वीस टक्के १२.७४ लाख. निर्देशांक न लावता नफा ८३ लाख, साडेबारा टक्क्यांनी १०.३८ लाख. म्हणजे या उदाहरणात नवाच दर स्वस्त. तुमचा आकडा वेगळा येईल, पण हिशोब असा करायचा.

आणि तुम्ही नाशिकला घर घेणारच आहात. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं, बांधत असाल तर तीन वर्षांत बांधलं, तर नफ्यातला जेवढा भाग त्यात गेला तेवढ्यावर कर नाही. उरलेल्यातले पन्नास लाखांपर्यंत सहा महिन्यांत ठराविक सरकारी रोख्यांत ठेवता येतात, पाच वर्षं हात लावायचा नाही. तुमच्या वयाला पाच वर्षं अडकवायची की कर भरून मोकळं व्हायचं, हे मुलीबरोबर बसून ठरवा. मी असतो तर थोडा कर भरला असता.

सोसायटीबद्दल एवढंच. विक्रीच्या इराद्याची सूचना पंधरा दिवस आधी द्यायची. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीचं ना हरकत पत्र बंधनकारक नाही, पण घेणाऱ्याची बँक मागते, म्हणून काढून ठेवा. प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत कमाल पंचवीस हजार, २००१ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे. शिवाय हस्तांतर फी पाचशे आणि नव्या सभासदाची प्रवेश फी शंभर. "विकासनिधी" किंवा "स्वखुशीची देणगी" म्हणून दोन लाख मागितले तर लेखी मागा. लेखी कोणी देत नाही.

हे सगळं वाचून दमायला झालं असेल तर एजंट घ्या, त्यात कमीपणा नाही. घरात भाडेकरू असेल, मुलीला वेळ नसेल, किंवा दिरांशी बोलणंच बंद असेल तर मीच तुम्हाला घ्या म्हटलं असतं. फक्त एक टक्क्यावर बोला, दलाली खरेदीखताच्या दिवशी द्यायची, इसाराच्या नाही, आणि "फक्त आमच्यामार्फतच" अशी अट साठ दिवसांपेक्षा जास्त मान्य करू नका. पण एजंट घेतलात तरी हक्कसोडपत्र तुम्हालाच करायचंय.

तेव्हा या आठवड्यात जाहिरात टाकू नका. मुलाला फोन करून त्याची सुट्टी कधी ते विचारा, आणि दिरांकडे कधी जाता ते ठरवा. मुलाच्या तारखा कळल्या की त्यावरून मागे मोजत हक्कसोडपत्राचा दिवस, फाइलचा दिवस आणि जाहिरातीचा दिवस लिहून घेऊ.